कुत्र्याला घेऊन बर्फातल्या डोंगरवाटेवर

चालणारा कुत्रा सहसा गारठत नाही. गारठतो तो थांबलेला कुत्रा, आणि त्याहून लवकर गारठतो तो भिजलेला. हिवाळी ट्रेकमध्ये कुत्र्यांचे जे हाल होतात, त्यांचा माग काढला तर तो बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी पोचतो: माथ्यावर रेंगाळण्यात गेलेला पाऊण तास, नाहीतर पोटाखाली बर्फाचे गोळे लोंबत असताना रेटलेली चाल. तापमानाचा आकडा त्यामानाने दुय्यम. उणे १० अंशांत, कोरड्या बर्फात आणि वारा नसताना दाट केसांचा कुत्रा दिवसभर मजेत चालेल. तोच कुत्रा शून्याच्या आसपास, पाणचट बर्फात आणि वाऱ्यात दोन तासांत कुडकुडायला लागू शकतो. म्हणून तयारी करताना प्रत्येक वस्तूबद्दल आणि प्रत्येक बेताबद्दल एवढंच तपासावं: याने कुत्रा कोरडा राहील का, आणि थांबल्यावर त्याची ऊब टिकेल का?

कोणाला न्यावं, कोणाला घरी ठेवावं

हस्की, मालाम्यूट, बर्नीज, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला लोकरीसारखा थर हवा धरून ठेवतो, बाहेरचे राठ केस वारा आणि पाणी अडवतात. ग्रेहाउंड, डॉबरमन, बॉक्सर, पॉइंटर यांच्याकडे आतली लोकर जवळपास नसतेच. लॅब्रेडॉरला दोन थर असतात, पण पोटाखालचे केस विरळ, आणि बर्फ लागतो तो नेमका तिथेच. दाट केसांचा कुत्राही वर्षभर उबदार घरात राहत असेल तर त्याचा हिवाळी कोट पुरता भरत नाही. जातीच्या नावावर भरवसा ठेवू नये, केसांत बोटं घालून पाहावं. दोन थरांचा कोट कधीही मुळापासून कातरू नये.

लहान कुत्र्याचं वजन कमी आणि त्या मानाने अंगाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे त्याची ऊब झपाट्याने निघून जाते. शिवाय पाय आखूड असल्याने पोट सतत बर्फाला घासतं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना, म्हणजे पग आणि बुलडॉगला, लांब चढाई मुळातच झेपत नाही. पिल्लाच्या हाडांची वाढ साधारण वर्षभरात पूर्ण होते, महाकाय जातींमध्ये दीड वर्ष लागतं. त्याआधी खोल बर्फातली दिवसभराची चाल नको. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे थंडीत आखडतात. हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर आधी पशुवैद्याशी बोलावं.

सरावाला सहा ते आठ आठवडे धरावेत. आठवड्याला अंतर किंवा चढाई यांपैकी एकच गोष्ट वाढवावी, तीही दहा-पंधरा टक्क्यांनी. सपाट रस्त्यावर पंधरा किलोमीटर चालणाऱ्या कुत्र्याला बर्फात सात किलोमीटर चांगलेच अंगावर येतात, कारण प्रत्येक पाऊल उपसून टाकावं लागतं.

पंजे

कुत्र्याच्या पंज्यात शरीराकडून येणारी गरम रक्ताची धमनी आणि पंज्याकडून परतणाऱ्या बारीक शिरा एकमेकींना अगदी लगटून असतात. धमनीतलं गरम रक्त शिरांतून परतणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं. त्यामुळे पंजा गार राहतो पण गोठत नाही, आणि आतल्या शरीराची ऊबही वाचते. ही सोय इतकी चांगली आहे की नुसत्या थंडीने निरोगी पंज्याची गादी सहसा बिघडत नाही. बिघडते ती चार कारणांनी: बोटांमधले बर्फाचे गोळे, बर्फाची धारदार पापडी, बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि चुकीचे बूट.

गोळे होतात कारण शून्याच्या जवळपासचा बर्फ चिकट असतो. तो कातडीच्या उबेने किंचित वितळतो, केसांवर पुन्हा गोठतो, त्यावर पुढचा थर बसतो. अर्ध्या तासात बोटांच्या बेचक्यात सुपारीएवढा खडा तयार होतो. मग बोटं फाकतात, मधलं पातळ कातडं चिरतं, आणि कुत्रा दर दहा पावलांना बसून पंजा चावू लागतो. कडक थंडीतल्या कोरड्या, भुरभुरीत बर्फात हा त्रास फार कमी होतो. म्हणजे हवा जितकी सौम्य, तितकी पंज्यांकडे नजर जास्त हवी.

उपाय निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी सुरू होतो. गाद्यांमधून बाहेर आलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने किंवा छोट्या ट्रिमरने गादीच्या पातळीला कापावेत. बेचक्यात खोल शिरून सफाचट करू नयेत, तिथले थोडे केस कातडीला घासण्यापासून वाचवतात. दोन-तीन दिवस आधी करायचं कारण एवढंच की चुकून टोचलंच तर जखम भरायला वेळ मिळतो. निघण्याच्या दहा मिनिटं आधी मधमाशीच्या मेणाचं पंज्यांचं मलम गाद्यांवर आणि बोटांच्या मध्ये पातळ चोळावं. जाड थर दिला तर त्यालाच बर्फ चिकटतो. वाटेत दर दीड-दोन तासांनी पुन्हा लावावं. पेट्रोलियम जेली लवकर निघून जाते आणि कुत्रा ती चाटून टाकतो, तिच्यावर विसंबून राहू नये.

गोळा झालाच तर ओढून काढू नये. हातमोजा काढून पंजा उघड्या तळव्यात धरावा, अर्ध्या मिनिटात कडा सुटतात, मग बोटांनी चुरडून काढावा. वाटेत कात्री वापरायचा मोह टाळावा; गोळ्याच्या आत बोटांमधलं कातडं अडकलेलं असतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

बुटांचं माप उभ्या कुत्र्याचं घ्यावं. कागदावर पंजा ठेवायचा, दुसरा पुढचा पंजा उचलून धरायचा म्हणजे मापाच्या पंज्यावर पूर्ण वजन येऊन तो पसरतो, आणि सर्वांत रुंद जागी दोन्ही बाजूंना खूण करायची. मागचे पंजे बहुधा पुढच्यांपेक्षा लहान असतात, त्यांचं माप वेगळं. बूट दोन प्रकारचे मिळतात. एक, जाड नायलॉनचे पिशवीसारखे, वर वेल्क्रोची पट्टी असलेले. हे स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांना घालतात. यांत बोटं मोकळी पसरतात आणि एखादा हरवला तरी फार नुकसान होत नाही. दुसरे, रबरी तळाचे. खडक, पापडी आणि मीठ असलेल्या रस्त्यासाठी हे बरे, पण खोल बर्फात यांच्यात बर्फ शिरतो आणि ते निसटतात.

पट्टी पायाच्या सर्वांत अरुंद जागी, अंगठ्याच्या नखाच्या वर बांधावी आणि तिच्याखाली एक बोट सहज जायला हवं. बूट गळून पडतो म्हणून पट्टी आवळत नेणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. रक्त अडलं की पंज्यातली ती उबेची देवाणघेवाण थांबते आणि बुटाच्या आतच हिमदंश होतो, म्हणजे कातडी गोठून मरते. प्रत्येक मोठ्या थांब्याला बूट काढून बोटं हाताने चाचपावीत, आतला बर्फ झटकावा. बूट भिजला तर बदलावा, कारण ओला बूट गोठून टणक होतो आणि अंगठ्याचं नख सोलतो. चार बूट घातले असतील तर किमान चार जादा सोबत हवेत.

घरात दोन आठवडे आधी सवय लावावी. पहिले दोन दिवस एकच बूट, एक मिनिट, लगेच खाऊ. मग पुढच्या दोन पायांत, मग चारही पायांत, मग अंगणात दहा मिनिटं. सुरुवातीला कुत्रा पाय झटकत विचित्र चालतो, ते दोन-तीन दिवसांत थांबतं.

बुटांबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कडक, काचेसारख्या बर्फावर कुत्र्याची पकड नखांची असते, आणि बूट ती पकड काढून घेतात. अशा तिरक्या उतारावर गुळगुळीत तळाचा बूट घातलेला कुत्रा अनवाणी कुत्र्यापेक्षा जास्त घसरतो. आमचा कल असा: बूट पाठपिशवीत कायम असावेत, पण पायात गरज पडेल तेव्हाच. पापडीचा बर्फ, वारंवार होणारे गोळे, चिरलेली गादी, मिठाचा रस्ता, एवढ्या प्रसंगी घालावेत.

अंगावरचं सामान

हार्नेस, म्हणजे दोरी अडकवायचा अंगावरचा पट्टा, छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा येणारा घ्यावा, म्हणजे खांदे मोकळे राहतात. पाठीवर मजबूत मूठ असावी; खडकावरून वर घेताना किंवा खोल बर्फातून उपसताना तीच कामाला येते. नुसत्या गळपट्ट्याला दोरी बांधून उतारावर जाऊ नये, कुत्रा घसरला तर सगळा भार मानेवर येतो. गळपट्टा नाव आणि फोन नंबरच्या बिल्ल्यासाठी ठेवावा.

जॅकेट छाती आणि पोट झाकणारं हवं. पाठीवरच बसणारं जॅकेट दिसायला छान, पण ऊब जाते ती विरळ केसांच्या पोटाकडून. नर कुत्र्याचं जॅकेट लघवीच्या जागेच्या मागे येत नाही ना ते पाहावं, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात ते भिजतं. घालण्या-काढण्याची वेळ महत्त्वाची. दाट केसांच्या कुत्र्याला चढताना जॅकेट नको, तो तापून धापा टाकतो. थांबलात की लगेच, तुमची पाठपिशवी उघडण्याआधी, त्याच्या अंगावर जॅकेट चढवावं. आखूड केसांच्या कुत्र्याला मात्र चालतानाही पातळ, वारा अडवणारं जॅकेट लागतं. जॅकेटखाली हात घालून पाहत राहावं. केस ओले लागले तर जॅकेट ऊब देत नाही, ओल कोंडतं.

बसण्यासाठी फोमच्या मॅटचा तुकडा घ्यावा. मध्यम कुत्र्याला साधारण ७० बाय ५० सेंटिमीटर पुरतो आणि वजन नगण्य. सामानातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू आहे. एरवी नीट चालणारा कुत्रा बर्फावर पोट टेकून दहा मिनिटं बसला की जमिनीला ऊब देत बसतो.

दोरी कमरेला बांधायची सोय सपाट वाटेवर उत्तम. जिथे घसरलं तर थांबता येणार नाही, अशा उतारावर ती कमरेतून काढून हातात घ्यावी, म्हणजे सोडून देता येते. धातूचा हूक ओला झाला की गोठतो. मुठीत धरून सोडवावा, त्यावर फुंकर मारली तर श्वासातली वाफ गोठून तो आणखी अडकतो. गळपट्ट्यावर छोटा दिवा हवाच, हिवाळ्यात दिवस लहान असतो. थंडीत बॅटरी लवकर मरते, दिवा आणि जीपीएस दोन्ही निघण्याआधी पूर्ण चार्ज करावेत. कुत्र्याच्या पाठीवर सामानाच्या पिशव्या बर्फात देऊ नयेत. त्यांनी तो खोल रुततो आणि त्यांच्याखालचे केस दबून ऊब जाते.

खाणं आणि पाणी

कुत्र्याची विश्रांतीतली रोजची गरज काढायची तर वजनाचा ०.७५ घात घेऊन ७० ने गुणावं. २० किलोच्या कुत्र्याला हे सुमारे ६६० किलोकॅलरी येतं. घरात राहणाऱ्या कुत्र्याला याच्या साधारण दीडपट लागतं, दिवसभर बर्फ तुडवणाऱ्याला अडीच ते तीनपट. ही वाढ एकाच जेवणात देता येत नाही. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना भरल्या पोटी धावपळ केल्यावर जठराला पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो डोंगरात जिवावर बेततो. मुख्य जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी संपवावं. वाटेत तासा-सव्वातासाने मूठभर द्यावं, त्यात स्निग्ध पदार्थ जास्त असावेत. तेवढ्याच वजनात त्यांतून पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते. नवा पदार्थ मात्र डोंगरात पहिल्यांदा देऊ नये. जुलाब झाले तर पाणी आणि ऊब दोन्ही जातात.

आपल्या खाऊच्या डब्यात कुत्र्याला विषारी अशा वस्तू नेमक्या असतात: मनुके आणि बेदाणे, चॉकलेट, मॅकाडेमिया नावाचा सुका मेवा, झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम, कांदा-लसूण घातलेले तयार पदार्थ. सुक्या मेव्याची पिशवी त्याच्या नाकाजवळ उघडी ठेवू नये. हात गरम करायच्या पुड्याही तशाच. त्यांत लोखंडाची पूड असते, कुत्र्याने फोडून खाल्ली तर विषबाधा होऊ शकते.

बर्फ खातोय म्हणजे पाणी मिळतंय, हा समज सोडून द्यावा. एक किलो बर्फ वितळवून शरीराच्या तापमानाला आणायला साधारण १२० किलोकॅलरी लागतात. पाव किलो बर्फ खाल्ला तर सुमारे ३० गेल्या. २० किलोच्या कुत्र्याच्या शरीराने ही ऊब नव्याने तयार केली नाही, तर त्याचं तापमान दीड-दोन अंशांनी उतरेल एवढी ती आहे. चालताना दोन घास खाल्ले तर बिघडत नाही. थांब्यावर, दमलेल्या अवस्थेत तो बर्फाचे लचके तोडत असेल, तर त्याला तहान लागली आहे आणि तुमचं पाणी कमी पडलं आहे.

कोमट पाणी थर्मासमध्ये न्यावं. सहा तासांच्या चालीला २० किलोच्या कुत्र्यासाठी किमान एक लिटर. थंडीत कुत्रे साधं पाणी हुंगून सोडून देतात. त्यात चमचाभर ओलं अन्न किंवा बिनमिठाचा, बिनकांद्याचा मटणाचा रस्सा मिसळला की लपालप पितात. एकदम भांडंभर देण्यापेक्षा दर पाऊण तासाला कपभर द्यावं.

वाटेवर

बेत कुत्र्याच्या हिशेबाने आखावा. दर १००० मीटर चढाईला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. वारा त्यात भर घालतो: उणे ५ अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर माणसाच्या चेहऱ्याला ते उणे १३ सारखं लागतं. कुत्र्याच्या बाबतीत वारा केस विसकटून आतली कोंडलेली हवाच उडवून देतो. उघड्या धारेवर जेवायला बसू नये, पाच-दहा मिनिटं खाली उतरून आडोसा गाठावा. पहिल्या फेऱ्यांमध्ये थांबा दहा मिनिटांच्या आतच आवरावा.

ताज्या बर्फात माणसाने पुढे चालून वाट मळावी, कुत्रा मागून यावा. पुढे सोडलेला कुत्रा उत्साहाने उड्या मारत जातो आणि दोन तासांत संपतो. बर्फ त्याच्या कोपरापर्यंत असेल तर वेग निम्म्यावर येतो. छातीपर्यंत आला तर परत फिरावं. वेळेचा हिशेबही आधी ठरवून ठेवावा: उजेडाच्या एक तृतीयांश वेळात जिथे पोचाल तिथून माघारी, माथा दिसत असला तरी.

मागून येणारा कुत्रा तुमच्या हिमपादुकांच्या (बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटींच्या) मागच्या टोकांवर पाय ठेवतो आणि तुम्ही तोंडावर पडता. ‘मागे, लांब’ अशी एखादी आज्ञा घरीच पक्की करून घ्यावी. बुटांना बर्फात पकड देणारे लोखंडी काटे बांधले असतील तर न पाहता मागे सरकू नये. स्कीच्या लोखंडी कडा सर्वांत वाईट: शेजारून धावणाऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायाची शीर एका फटक्यात कापली जाते. कुत्रा हाकेला थांबत नसेल तर स्कीवर नेऊ नये.

वन्य प्राणी हिवाळ्यात साठवलेल्या चरबीवर दिवस काढत असतात. कुत्र्याने त्यांना पळवलं तर ती शक्ती त्यांना पुन्हा मिळत नाही. जंगलपट्ट्यात दोरी सोडू नये. काही संरक्षित प्रदेशांत कुत्र्यांना मुळीच परवानगी नसते, निघण्याआधी चौकशी करावी. विष्ठा बर्फात पुरून जाऊ नये. ती कुजत नाही, वसंतात पाण्यात मिसळते. गोठलेली विष्ठा पिशवीत भरून नेणं सोपंच असतं.

उन्हात ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्के किंवा त्याहून जास्त भाग परत फेकतो. दिवसभर उघड्या हिमक्षेत्रावर असाल तर कुत्र्यालाही डोळ्यांची जळजळ होऊ शकते; बूट शिकवले तसे गॉगलही शिकवता येतात. २५०० मीटरच्या वर मुक्काम असेल तर त्यालाही विरळ हवा बाधते. बसल्या जागी धाप, खोकला, अन्नाला तोंड न लावणं दिसलं तर खाली उतरावं.

हिमस्खलन आणि गोठलेलं पाणी

हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं. अशा उतारांवर आणि त्यांच्या पायथ्याशी कुत्र्याला नेऊ नये, हे आमचं ठाम मत आहे. तो सांगितल्या ओळीत चालत नाही, तुमच्या वरच्या अंगाला धावतो, एकेक करून उतार ओलांडण्याची शिस्त त्याला नसते. स्थानिक हिमस्खलन सूचना रोज सकाळी वाचावी. धोक्याची पातळी १ ते ५ अशी दिलेली असते. ३ म्हणजे ‘मध्यम, चालेल’ असा अर्थ लावू नये.

बर्फाखाली गाडलेल्याला शोधता यावं म्हणून माणसं अंगावर सिग्नल देणारं शोधयंत्र बांधतात, ते ४५७ किलोहर्ट्झवर चालतं. ते कुत्र्याच्या अंगावर बांधू नये. गाडलेल्यांना शोधणाऱ्यांना सिग्नल माणसाचा की कुत्र्याचा हे कळत नाही, आणि गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर वेगाने घसरते. ती मिनिटं कुत्रा उकरण्यात गेली तर माणूस जातो.

गोठलेल्या तळ्याजवळ दोरी बांधलेलीच ठेवावी. माणसाला चालायला किमान १० सेंटिमीटर जाडीचा पारदर्शक बर्फ लागतो; पांढऱ्या, बुडबुड्यांच्या बर्फाची ताकद साधारण निम्मी. ओढ्याच्या तोंडाशी आणि बाहेर पडणाऱ्या प्रवाहाशी तो पातळ असतो. कुत्रा आत पडला तर मागे बर्फावर जाऊ नये. काठावर आडवं पडून हाक मारावी, दोरी किंवा काठी पुढे करावी. अनेक कुत्रे स्वतःच बाहेर येतात, आणि त्यांच्यामागे गेलेली माणसं बुडतात.

काही बिघडलं तर

कुत्र्याचं सामान्य तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. गुदमार्गाने मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि थोडी जेली प्रथमोपचार पेटीत हवी. सोबत जाळीचं कापड, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, सलाईन, चिमटा, जादा बूट आणि तोंड बांधायला मऊ पट्टी. दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो, तो त्याचा दोष नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, कुत्र्याला देऊ नयेत.

गारठल्याची पहिली लक्षणं थरथरण्याच्या आधी दिसतात: शेपूट पायांत, पाठीला कमान, एकेक पंजा उचलून धरणं, सारखं तुमच्याकडे वळून पाहणं, आडोशाला जाऊन गुंडाळून बसणं. इथेच जॅकेट चढवून, दोन घास भरवून खालची वाट धरली तर पुढचं सगळं टळतं. थरथर सुरू झाली म्हणजे शरीर अजून झुंजतंय. तापमान ३७ च्या खाली गेलं की उतरणं लांबवू नये. थरथर थांबली, पाय अडखळू लागले आणि कुत्रा गप्प झाला तर तो सावरलेला नाही, त्याची ताकद संपली आहे.

अशा वेळी वाऱ्यातून बाजूला घ्यावं, खाली मॅट घालावी, केस टिपून कोरडे करावेत, चोळू नयेत. कोरड्या कापडात गुंडाळून वर चमकदार तातडीचं ब्लँकेट. ते एकटं ऊब देत नाही, आत कोरडा थर लागतो. कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीशी आणि जांघेत ठेवाव्यात, थेट कातडीवर नकोत. शुद्धीवर असून नीट गिळत असेल तर कोमट गोड पाणी द्यावं. ३५ अंशांच्या खाली गेलेल्या कुत्र्याला चालवू नये, उचलून पशुवैद्याकडे न्यावं.

हिमदंश कानांची टोकं, शेपटीचं टोक, बोटं, सड आणि अंडकोष इथे होतो. जागा फिकट किंवा राखाडी, गार आणि टणक लागते. बर्फाने किंवा हाताने चोळू नये. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत वितळवू नये, दुसऱ्यांदा गोठल्यावर जास्त हानी होते. सुरक्षित जागी ४० ते ४२ अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं धरावं. ऊब परतताना फार दुखतं.

गादी कापली तर जखम सलाईनने धुवावी, बोटांच्या मध्ये जाळीचे बारीक तुकडे ठेवावेत, वर पट्टी सैलसर, आणि तिच्यावर कोरडा बूट.

कुत्र्याला खाली कसं आणणार, हे घरून निघतानाच ठरलेलं असावं. मजबूत नायलॉनची उचलण्याची झोळी सामानात ठेवावी आणि घरी जिन्यावर एकदा तरी वापरून पाहावी. २५-३० किलोचा कुत्रा खांद्यावर घेऊन बर्फात एक माणूस फार लांब जाऊ शकत नाही, त्यामुळे मोठा कुत्रा असेल तर किमान दोन माणसं हवीत. एकटं जायचं असेल तर वाट अशी निवडावी की झोळीत घेऊनही तासाभरात रस्त्याला लागता येईल.

परतल्यावर

गाडी लावलेल्या जागेत डबकी चाटू देऊ नये. रेडिएटरमधलं गोठणरोधक द्रव गोडसर असतं आणि त्याचे काही घोटही मूत्रपिंडं निकामी करतात. पंजे कोमट पाण्याने धुवून पुसावेत, मीठ आणि मेण दोन्ही निघतं. ओल्या कुत्र्याला बंद, गार गाडीत सोडून चहाला जाऊ नये. काखेतले आणि जांघेतले गोळे हाताने वितळवावेत, मग टॉवेलने मुळापर्यंत कोरडं करावं. जेवण तासाभराने, तापमान आणि धाप सामान्य झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर त्याची चाल पाहावी. पहिल्या दहा पावलांत लंगडून मग मोकळा होत असेल तर स्नायू आखडले आहेत, दोन दिवस विश्रांती पुरे. एकच पंजा सारखा चाटत असेल तर बोटांमध्ये चीर शोधावी. कानांची आणि शेपटीची टोकं आठवडाभर रोज चाचपावीत, कारण हिमदंशाने मेलेली कातडी काळी पडायला कित्येक दिवस लागतात.